अनोळखी माणसांचे फोटो आणि इन्स्टॅक्स मिनी १२: दोन पावसाळ्यांनंतर

फुजीफिल्मचा इन्स्टॅक्स मिनी १२ हा झटपट छापील फोटो देणारा कॅमेरा मी दोन वर्षांपूर्वी घेतला, तो वाढदिवसांसाठी किंवा सहलींसाठी नव्हे. रस्त्यावर भेटणाऱ्या अनोळखी माणसांचे फोटो काढावेत आणि ते तिथल्या तिथे त्यांच्या हातात द्यावेत, एवढ्या एकाच कामासाठी घेतला. २०२३ साली बाजारात आलेल्या या कॅमेऱ्याची जाहिरात तरुण मुलामुलींच्या मौजमजेच्या अंगाने केली जाते आणि मी वाचलेली बहुतेक परीक्षणेही त्याच अंगाने लिहिलेली होती. पुण्याच्या मंडईत, जुन्या बाजारात आणि पालखीच्या मुक्कामात तो कसा उपयोगी पडतो, हे मला कुठे वाचायला मिळाले नाही, म्हणून ते सविस्तर लिहीत आहे.

त्याआधी दहा वर्षे मी डिजिटल कॅमेऱ्याने रस्त्यावरचे फोटो काढत होते, आणि त्यातली पहिली काही वर्षे तर लांबून, समोरच्याला कळणार नाही अशा बेताने काढत होते. पुढे ते मनाला पटेनासे झाले आणि मी विचारून, दोन शब्द बोलून फोटो काढू लागले. पण फोटो शेवटी माझ्याकडेच राहायचा. मंडईत आले-लसूण विकणाऱ्या एका मावशींनी एकदा मला गर्दीतून ओळखले आणि हाक मारून विचारले, ‘‘ताई, दिवाळीला काढलेला फोटो आणला का?’’ मी तो आणला नव्हता. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन होता, त्यामुळे पाठवून देण्याचा प्रश्नच नव्हता, आणि छापून आणून देते असे मी स्वतःच त्यांना सांगितले होते. दिवाळी होऊन पाच महिने उलटले होते. त्या रागावल्या नाहीत; ‘‘असू द्या, सवडीनं आणा,’’ एवढेच म्हणून त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकाचे लसूण तोलायला घेतले, आणि ते मला फार लागले. दुसऱ्या दिवशी मी तो फोटो छापून नेऊन दिला आणि त्याच आठवड्यात हा कॅमेरा विकत घेतला.

हातात घेतल्यावर पहिल्यांदा डोळ्यांत भरते ते त्याचे रूप. गोलसर कडांचा, फिक्या गुलाबी, हिरव्या, जांभळ्या, निळ्या किंवा पांढऱ्या प्लास्टिकचा हा कॅमेरा खेळण्यासारखा दिसतो, आणि माझ्या कामाच्या दृष्टीने तो त्याचा मोठा गुण ठरला. गळ्यात काळा, लांब लेन्सचा कॅमेरा दिसला की मंडईतला माणूस आधी ‘‘कोणत्या पेपरकडून आलात?’’ असे विचारतो, आणि अतिक्रमणविरोधी कारवाई सुरू असली तर पथारीवाले तोंडच फिरवतात, कारण फोटो कोणाच्या हाती लागेल याची त्यांना रास्त भीती असते. हा कॅमेरा पाहिल्यावर मात्र लोक ‘‘हे काय आहे?’’ असे विचारतात, आणि बोलण्याची सुरुवात त्यांच्याकडून झाली की मला वेगळे निमित्त शोधावे लागत नाही.

वजन सेल आणि फिल्म सोडून सुमारे ३०० ग्रॅम आहे, त्यामुळे तो खांद्यावरच्या कापडी पिशवीत भाजीबरोबर सहज राहतो. त्याला दोन पेन्सिल सेल लागतात, जे कुठल्याही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात, आणि एका जोडीवर फिल्मची साधारण दहा पाकिटे, म्हणजे शंभर फोटो, निघतात. लेन्सचे कडे फिरवले की कॅमेरा सुरू होतो, आणखी एकदा फिरवले की जवळचे, म्हणजे ३० ते ५० सेंटीमीटर अंतरावरचे फोटो काढता येतात. याखेरीज जुळवण्यासारखे त्यात काहीही नाही. उजेड पाहून शटरचा वेग, म्हणजे फिल्मवर किती वेळ उजेड पडू द्यायचा ते, कॅमेरा स्वतः ठरवतो, सेकंदाच्या अडीचशेव्या भागापासून ते अर्ध्या सेकंदापर्यंत. छायाचित्रणाची हौस असलेल्या माणसाला हे अपुरे वाटेल, आणि ते स्वाभाविक आहे. मला मात्र पहिल्या आठवड्यातच लक्षात आले की फिरवायला बटणेच नसल्यामुळे माझी नजर कॅमेऱ्यावरून उठून समोरच्या माणसावर जास्त वेळ राहते आहे.

फोटोचा कागद ८६ मिलिमीटर लांब आणि ५४ मिलिमीटर रुंद, म्हणजे जवळजवळ एटीएम कार्डाएवढा असतो, आणि त्यातले प्रत्यक्ष चित्र ६२ बाय ४६ मिलिमीटरचे असते. घरातल्या भिंतीवर लावायला हा आकार फार लहान आहे, पण खिशातल्या पाकिटात, आजीबाईंच्या बटव्यात, रिक्षाच्या काचेवरच्या देवाच्या तसबिरीमागे किंवा दुकानातल्या गल्ल्याच्या झाकणावर तो नेमका बसतो. मी दिलेले फोटो नंतर मला याच जागी ठेवलेले दिसले आहेत.

आता ज्या एका गोष्टीमुळे मी हा कॅमेरा इतर सगळ्यांपेक्षा वर ठेवते ती गोष्ट. बटण दाबल्यावर कागद बाहेर येतो तेव्हा तो कोरा असतो, आणि त्यावर चित्र उमटायला सुमारे ९० सेकंद लागतात. ही दीड मिनिटे दोन अनोळखी माणसांना एका जागी उभे राहावे लागते, आणि त्यांच्यापुढे दुसरे काहीही काम नसते. गिऱ्हाईक आले तरी विकणारा माणूस ‘‘जरा थांबा’’ म्हणतो, कारण त्यालाही आपला चेहरा उमटताना पाहायचा असतो.

फोटो तिथल्या तिथे हातात देण्याची ही कल्पना एका मुलीच्या प्रश्नातून निघाली असे सांगतात. अमेरिकन संशोधक एडविन लँड यांनी १९४३ साली सुट्टीवर असताना आपल्या लहान मुलीचा फोटो काढला आणि तिने तो लगेच का दिसत नाही असे विचारले. लँड यांनी १९४७ साली असा कॅमेरा जाहीरपणे दाखवला आणि १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये तो बॉस्टनमधल्या दुकानात विक्रीला आला. इन्स्टॅक्समध्येही मूळ युक्ती तीच आहे. प्रत्येक कागदाला रसायनाची चिमुकली पिशवी जोडलेली असते. कागद बाहेर पडताना दोन रुळांमध्ये दाबला जातो, पिशवी फुटते, रसायन कागदाच्या थरांमध्ये सारखे पसरते आणि रंग वर येऊ लागतात. म्हणून हा कागद झटकायचा नसतो, दुमडायचा तर अजिबात नसतो. बहुतेक माणसे तो हातात आल्याबरोबर वाऱ्यावर हलवतात किंवा त्यावर फुंकर घालतात, आणि मला हळूच सांगावे लागते की कडेला धरून नुसता उन्हाआड ठेवा.

कागद मी स्वतःकडे न ठेवता बाहेर पडल्याबरोबर समोरच्याच्या हातात देते. सुरुवातीला मी तो चित्र पूर्ण उमटेपर्यंत जपून धरून उभी राहायची, आणि मग सगळे बोलणे ‘‘आला का? दिसला का?’’ एवढ्यावर अडायचे. कोरा कागद त्यांच्या हातात गेला की ते त्याच्याकडे पाहत पाहत बोलतात, आणि हातात काही असताना माणूस डोळ्याला डोळा न भिडवता जितके मोकळे बोलतो तितके एरवी बोलत नाही. भाजी निवडताना किंवा शेंगा फोडताना बायकांचे बोलणे जसे पुढे जाते तसेच हे असते. मी ठरवून प्रश्न विचारत नाही. ‘‘आज सकाळपासून बसलात का?’’ एवढे पुरते.

बोहरी आळीजवळ पावसाळ्यात फुटपाथवर बसणारे छत्री दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांच्यासमोर मोडक्या छत्र्यांमधून काढलेल्या काड्यांची जुडी, दोरा ओवलेली जाड सुई, छोटी पक्कड आणि काळ्या कापडाचे तुकडे मांडलेले असतात. मी माझी छत्री दुरुस्तीला दिली आणि ती होईपर्यंत फोटो काढू का असे विचारले. त्यांनी होकार दिला, पण हातातली छत्री अर्धवट उघडी होती ती पूर्ण उघडून, तिचा दांडा मांडीवर टेकवून मग ते कॅमेऱ्याकडे पाहू लागले. कागद हातात घेतल्यावर त्यांनी सांगितले की मृगापासून गणपतीपर्यंत छत्र्या, आणि त्यानंतर वर्षभर पिशव्यांच्या चेनी बसवायच्या. पूर्वी लोक एकच छत्री चार-चार वर्षे दुरुस्त करून वापरत, आता काडी मोडली की नवीनच घेतात, त्यामुळे त्यांना सुट्या काड्या मिळवण्यासाठी भंगारवाल्याकडे खेपा घालाव्या लागतात. तोवर कागदावर आधी छत्रीचा काळा घेर, मग त्यांचे केस आणि शेवटी चेहरा दिसू लागला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला आणि स्वतःच्या चेहऱ्याबद्दल काहीही न बोलता विचारले, ‘‘ही तिसरी काडी नीट बसलेली दिसतीय ना?’’ माझ्या मते त्या माणसाची ओळख मला त्या प्रश्नातून झाली. डिजिटल कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर त्यांनी फोटो दोन सेकंद पाहिला असता, ‘‘छान’’ म्हटले असते आणि मी पुढे गेले असते.

आता उणिवा सांगते, कारण त्या बऱ्याच आहेत आणि त्या माहीत नसतील तर माणसांसमोर संकोच वाटण्याचे प्रसंग येतात.

या कॅमेऱ्याचा फ्लॅश प्रत्येक फोटोला पडतो आणि तो बंद करण्याची सोय दिलेली नाही. समोरून पडणाऱ्या या प्रखर उजेडाने घामेजलेले कपाळ चमकते, चश्म्याच्या काचेत पांढरा ठिपका येतो आणि चेहऱ्यावरच्या रेषा पुसट होतात. चश्मा असेल तर मी हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगते, आणि उजेड पडणार आहे हे म्हाताऱ्या माणसांना आधी सांगते, कारण एकदम उजेड पडला की ती दचकतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे असे कोणी सांगितले तर मी कॅमेरा पिशवीत ठेवते आणि नुसतीच बोलते. फ्लॅशची पोच सुमारे २.२ मीटर आहे, म्हणजे सात फूट. त्यापलीकडे उभ्या असलेल्या माणसावर तो पुरेसा पडत नाही. लेन्सचे उजेड आत घेणारे छिद्र लहान (एफ १२.७) असल्यामुळे तिन्हीसांजेनंतर फ्लॅशने चेहरा उजळ येतो आणि मागची सगळी मंडई काळोखात बुडते. मला चांगले निघालेले बहुतेक फोटो सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, थेट उन्हात न उभे राहता छपराच्या किंवा झाडाच्या सावलीत काढलेले आहेत.

फोटो काढताना ज्या खिडकीतून पाहायचे ती लेन्सच्या बाजूला असल्यामुळे डोळ्याला दिसते ते आणि कागदावर येते ते यांत थोडा फरक पडतो. पहिल्या दोन पाकिटांत मी एका हमालांचा फेटा अर्धा कापला आणि एका आजींना चौकटीच्या कडेला ढकलले. ही चूक माझी होती. जवळच्या फोटोसाठी लेन्सचे कडे पुढच्या टप्प्यावर फिरवले की हा फरक कॅमेरा भरून काढतो. बाकी वेळी डोक्यावर थोडी जागा मोकळी सोडायची सवय लावून घ्यावी लागते.

सर्वांत मोठी उणीव पालखीत कळते. ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत मुक्कामाला असते तेव्हा आसपासच्या शाळांमध्ये आणि वाड्यांमध्ये दिंड्या उतरलेल्या असतात. नाना पेठेतल्या एका शाळेच्या ओसरीवर मी एका वीणेकऱ्यांना फोटोबद्दल विचारले. ते म्हणाले, ‘‘माउली, वीणा खाली ठेवता येत नाही. फोटो निघंल तो वीणेसकटच निघंल.’’ उभ्या चौकटीत वीणेची दांडी पूर्ण मावावी म्हणून मी मागे सरकत गेले आणि सात फुटांची मर्यादा आठवून थांबले. ते जिंतूर तालुक्यातून आले होते. सोयाबीन पेरून निघालो, पण निघाल्यापासून गावाकडे पाऊस नाही, रोज संध्याकाळी मुलाला फोन करून तेवढेच विचारतो, असे त्यांनी कागदाकडे पाहत सांगितले. चित्र उमटल्यावर त्यांनी ते दोन्ही हातांनी कपाळाला लावले, कारण त्यात वीणा होती, आणि हरिपाठाच्या पुस्तकात ठेवून दिले.

तोपर्यंत आमच्याभोवती तीस-पस्तीस माणसे जमली होती आणि माझ्याकडे सहा कागद होते. एका पाकिटात दहाच फोटो असतात, कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या खिडकीत उरलेला आकडा दिसतो, आणि तो आकडा माझ्याप्रमाणेच शेजारी उभ्या असलेल्या शाळकरी मुलालाही वाचता येत होता. कोणाला द्यायचा आणि कोणाला नाही हे ठरवण्याचा अधिकार मला कोणी दिला, या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. शेवटी विणेकऱ्यांनीच तोडगा काढला: सगळ्यांना ओसरीच्या पायऱ्यांवर बसवले, एकत्र फोटो काढायला लावला आणि तो दिंडीप्रमुखांकडे दिला. एवढ्याशा कागदावर पस्तीस चेहरे ज्वारीच्या दाण्याएवढे आले. घोळक्यात काम करायचे असेल तर याच कंपनीचा रुंद कागदाचा इन्स्टॅक्स वाइड हा योग्य कॅमेरा आहे. त्याचे चित्र ९९ बाय ६२ मिलिमीटरचे, म्हणजे मिनीच्या दुपटीहून मोठे असते. मिनी एकट्या-दुकट्या माणसासाठी आहे.

फोटोची एकच प्रत निघते आणि ती आपण देऊन टाकतो, हीही काहींना उणीव वाटेल. मला पहिले तीन महिने ती वाटली. घरी आल्यावर दाखवायला काही नसायचे, म्हणून मी समोरच्याच्या परवानगीने त्यांच्या हातातल्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवू लागले, आणि मग उमटत्या चित्राकडे ते पाहत असताना मी मोबाइल शोधत असे. ते मी बंद केले. आता घरी आल्यावर एका वहीत तारीख, जागा, त्यांनी सांगितले असेल तर नाव आणि बोलण्यातले एखादे वाक्य लिहिते. आजवर १४० च्या वर नोंदी झाल्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेक चेहऱ्यांची मला आठवण आहे, जी आधीच्या दहा वर्षांतल्या हजारो डिजिटल फोटोंमधल्या माणसांबद्दल मला नाही.

पैशांबद्दल दोन गोष्टी. पहिली, फिल्म महाग आहे. मला एक फोटो पन्नास रुपयांच्या पुढेच पडतो, वीस फोटोंचे जोडपाकीट घेतले तर थोडा स्वस्त पडतो, आणि फसलेल्या फोटोचेही पैसे जातातच. महिन्याला दोन पाकिटे ही माझी मर्यादा आहे आणि त्यामुळे मी कमी माणसांशी, पण जास्त वेळ बोलते. दुसरी गोष्ट, फोटो काढण्याआधीच ‘‘याचे पैसे नाहीत’’ असे स्पष्ट सांगावे लागते. जत्रेतल्या पडद्यासमोरचा किंवा गेटवे ऑफ इंडियासमोर छोटा प्रिंटर घेऊन उभ्या असणाऱ्या फोटोग्राफरांकडचा फोटो लोकांना माहीत असतो, आणि तो त्यांचा पोटाचा धंदा आहे. त्यामुळे हातात छापील फोटो आला की ‘‘किती द्यायचे?’’ हा प्रश्न येतो. काही जण बदल्यात काही तरी देतात. एका केळीवाल्या काकांनी दोन केळी पुढे केली आणि मी नको म्हटले, तेव्हा त्यांचा चेहरा पडला. तेव्हापासून दिलेले मी घेते.

फिल्म सांभाळण्याबद्दल थोडक्यात सांगते. ती ५ ते ४० अंश सेल्सियस तापमानात वापरायची असते, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत दुपारी मी कॅमेरा बाहेर काढत नाही आणि तो उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तर कधीच ठेवत नाही. उष्णतेने रंग बदलतात. पावसात कागदावर थेंब पडू देऊ नयेत. पाकीट संपेपर्यंत मागचे झाकण उघडायचे नसते, आणि हे मी सोबतच्या प्रत्येकाला आधी सांगते, कारण जुन्या बाजारात एका चिमुरड्या मुलीने कुतूहलाने ते उघडले आणि आतल्या फिल्मवर उजेड पडून पुढचे फोटो वाया गेले. तिला कोणी रागावू नये म्हणून मी ते झाकण तिच्याकडूनच पुन्हा लावून घेतले आणि आता त्यावर चिकटपट्टी लावून ठेवते. विकत घेताना खोक्यावरची वापराची अंतिम तारीख पाहावी. एका दुकानात मला तारखेवर किमतीचे लेबल चिकटवलेले पाकीट मिळाले; घरी आल्यावर लेबल काढले तेव्हा मुदत संपलेली दिसली, आणि त्यातले फोटो फिके आले. त्या दहा माणसांना मी असे फोटो दिले याचे मला अजूनही वाईट वाटते. त्यांतल्या चौघांना पुन्हा गाठून नवे फोटो दिले.

याच फिल्मवर मोबाइलमधला फोटो छापून देणारे इन्स्टॅक्सचे छोटे प्रिंटरही मिळतात, आणि इन्स्टॅक्स मिनी इव्हो या कॅमेऱ्यात फोटो आधी पडद्यावर पाहून मगच छापता येतो. मैत्रिणीकडचा प्रिंटर मी महिनाभर वापरला. त्याचे फायदे खरे आहेत: डोळे मिटलेला फोटो वाया जात नाही, घरातल्या तिघांना तीन प्रती देता येतात, फ्लॅश टाळता येतो आणि आपल्याकडेही प्रत राहते. पण फोटो निवडणे, ब्लूटूथ जोडणे आणि तो पाठवणे या सगळ्या वेळात मी माझ्या मोबाइलमध्ये डोके खुपसून उभी असायचे आणि समोरचा माणूस ताटकळत राहायचा. दीड मिनिट तेवढेच असते, फक्त ते माझ्या पडद्यासमोर जाते. ज्यांना उत्तम फोटो द्यायचा आहे त्यांनी प्रिंटर घ्यावा. ज्यांना ओळख करून घ्यायची आहे त्यांच्यासाठी साधा मिनी १२ अधिक चांगला आहे, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

कॅमेरा कितीही निरुपद्रवी दिसला तरी नाही म्हणण्याचा हक्क समोरच्याचा असतो, हेही सांगायला हवे. देवळाबाहेर गजरे विकणाऱ्या एका बाईंनी पहिल्याच दिवशी ‘‘फोटो नको, बाकी काही विचारा,’’ असे म्हटले. मी कॅमेरा पिशवीत ठेवला, मोगऱ्याचा गजरा घेतला आणि तेव्हापासून दर गुरुवारी तिथे थांबते. त्यांच्या तीन बहिणी, सासरच्या गावची बंद झालेली बस आणि पहाटे फुलांच्या बाजारात चढ-उतार होणारा भाव, हे सगळे मला त्यांनी सांगितले आहे. त्यांचा फोटो मी काढलेला नाही आणि पुन्हा विचारलेलेही नाही. लहान मुलांचा फोटो मी आई-वडील समोर असल्याशिवाय काढत नाही, आणि फोटो माझ्याकडे राहणार नाही हे प्रत्येकाला आधी सांगते. हे ऐकल्यावर चेहऱ्यावरचा ताण उतरलेला स्पष्ट दिसतो, आणि या कॅमेऱ्याने मला दिलेली ही दुसरी मोठी सोय आहे: माझे वचन खरे की खोटे हे समोरच्याला त्याच जागी तपासता येते.

एक शेवटची बारीक गोष्ट. चित्राखाली रुंद पांढरी पट्टी असते आणि तिच्यावर कायम टिकणाऱ्या शाईच्या पेनाने लिहिता येते. मी असे काळे पेन बाळगते आणि काय लिहू असे विचारते. बहुतेक जण तारीख सांगतात. आले-लसूणवाल्या मावशींचा फोटो मी या कॅमेऱ्यानेही काढला, तेव्हा त्यांनी पेन माझ्या हातातून घेतले, बराच वेळ थांबून स्वतःच्या हाताने स्वतःचे नाव लिहिले, आडवी रेघ शेवटी ओढली आणि फोटो कमरेच्या पिशवीत नोटांच्या मागे सरकवला. सही बँकेतच करायला लागते, एरवी हात वळत नाही, असे त्या म्हणाल्या.

सध्या कॅमेऱ्याच्या खिडकीत तीन हा आकडा दिसतो आहे. त्यांतला एक कागद छत्रीवाल्या काकांसाठी राखून ठेवला आहे, कारण येत्या रविवारी त्यांचा मुलगा मदतीला येऊन बसणार आहे आणि दोघांचा मिळून काढायचे ठरले आहे.